महिला व्यावसायिक क्रीडा लीगमधील खेळाडू-निवडीची ‘ड्राफ्ट’ पद्धती : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : व्यावसायिक क्रीडा लीगमध्ये नवे खेळाडू संघांना कसे मिळतात, या प्रश्नाची जगभर प्रामुख्याने दोन उत्तरे दिली गेली आहेत. एक म्हणजे क्रमवार निवड, अर्थात ‘ड्राफ्ट’, आणि दुसरे म्हणजे लिलाव. अमेरिकेतील महिला बास्केटबॉल लीगने (डब्ल्यूएनबीए) १९९७ पासून पहिली पद्धत स्वीकारली, तर भारतातील महिला प्रीमियर लीगने २०२३ मध्ये दुसरी. खो-खो या आपल्या मातीतील खेळात २०२२ मध्ये ड्राफ्ट झाला. मात्र तो पुरुषांसाठी होता. प्रस्तुत लेखात या पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करून बीड जिल्ह्यातील महिला खेळाडूंच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ड्राफ्ट, लिलाव, महिला बास्केटबॉल, खो-खो, महाविद्यालयीन क्रीडा, बीड जिल्हा.

१. प्रस्तावना

दि. १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी क्रीडा संकुलात पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारतीय महिला संघाने नेपाळचा ७८–४० असा पराभव करून विश्वविजेतेपद मिळविले. या संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातील कळंबअंबा या गावच्या. त्याच दिवशी पुरुष संघानेही नेपाळला ५४–३६ असे नमवून विजेतेपद पटकाविले. पुरुष संघाचे कर्णधार प्रतीक वाईकर हेही महाराष्ट्राचेच.

खेळ एक, राज्य एक, दिवस एक आणि यशही सारखेच. तरी या दोन कर्णधारांच्या वाटचालीत एक महत्त्वाचा फरक आहे. प्रतीक वाईकर यांनी २०२२ मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक लीगमध्ये तेलुगू योद्धाज संघाचे नेतृत्व केले होते. त्या लीगसाठी खेळाडूंची रीतसर निवड झाली, श्रेणी ठरल्या आणि मानधन निश्चित झाले. महिलांना मात्र त्या लीगमध्ये स्थान नव्हते. २०२२ आणि २०२३-२४ असे तिचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुष खेळाडूंचे झाले.

हा फरक समजून घ्यावयाचा असेल तर व्यावसायिक निवडीची यंत्रणा मुळात कशी चालते, तिच्यामागील तत्त्व कोणते आणि ती कोणत्या पायावर उभी राहते, हे पाहणे आवश्यक ठरते. हा विषय केवळ शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांपुरता मर्यादित नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व स्त्री-अभ्यास या विषयांच्या अध्यापकांनाही त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

२. ड्राफ्ट : संकल्पना व तत्त्व

गावच्या मैदानावर मुले खेळावयास जमली की दोन म्होरके पुढे येतात आणि आळीपाळीने एकेक गडी आपल्या बाजूस घेतात. ड्राफ्ट ही मूलतः हीच पद्धत होय. फरक इतकाच की, गावच्या मैदानावर पहिला गडी कोणी घ्यावयाचा हे नाणे उडवून ठरते किंवा दांडगाईने. ड्राफ्टमध्ये तो मान मागील हंगामात मागे पडलेल्या संघास दिला जातो.

या पद्धतीचा उगम अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. तेथील राष्ट्रीय लीगने १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट घेतला आणि १९४७ मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलने त्याचे अनुकरण केले. श्रीमंत संघांनी उत्तम खेळाडू विकत घ्यावेत, त्यामुळे त्यांनी सतत जिंकावे आणि दुबळ्या संघांचे प्रेक्षक आटून अखेर लीगच बंद पडावी, असे हे दुष्टचक्र होते. ते तोडणे हा ड्राफ्टचा हेतू. क्रीडा-स्पर्धेचे अर्थकारण इतर धंद्यांहून वेगळे असते. किराणा दुकानदारास शेजारचे दुकान बंद पडल्यास लाभ होतो. परंतु प्रतिस्पर्धी संघ उरला नाही तर विजेत्या संघालाही खेळावयास कोणी राहत नाही. स्पर्धकास जिवंत ठेवण्यातच प्रत्येक संघाचे हित असते, हे या पद्धतीमागील मूलतत्त्व आहे.

३. महिला बास्केटबॉल लीगमधील ड्राफ्ट

डब्ल्यूएनबीएची स्थापना १९९६ मध्ये झाली व १९९७ मध्ये आठ संघांसह पहिला हंगाम खेळविला गेला. पहिल्या वर्षी नामांकित खेळाडूंचे संघांना थेट वाटप, अनुभवी खेळाडूंची निवड आणि त्यानंतर नियमित ड्राफ्ट अशा तीन टप्प्यांत संघबांधणी झाली. नियमित ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन संघाने टीना थॉम्प्सन यांची प्रथम निवड केली.

२०२५ पर्यंत चालत आलेल्या पद्धतीची ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) पात्रता : अमेरिकन खेळाडू ड्राफ्टच्या वर्षात २२ वर्षांची होत असावी, अथवा तिने पदवी घेतलेली असावी, अथवा शालेय शिक्षण संपवून तिला चार वर्षे झालेली असावीत. अमेरिकेबाहेरील खेळाडूंसाठी ही वयोमर्यादा २० वर्षे होती.

(आ) फेऱ्या : ड्राफ्ट तीन फेऱ्यांत होतो. २०२४ मध्ये १२ संघांनी मिळून ३६ खेळाडू निवडल्या.

(इ) क्रम : तळाच्या चार संघांमध्ये सोडत काढली जात असे. सोडतीतील संधीचे प्रमाण मागील दोन हंगामांच्या एकत्रित कामगिरीवरून ठरते. अधिक दुबळ्या संघास अधिक संधी मिळते, परंतु हमी मिळत नाही. पहिला क्रमांक मिळावा म्हणून संघांनी जाणूनबुजून हरू नये, यासाठी ही योजना आहे.

(ई) मानधन : नव्या खेळाडूचे मानधन निवडीच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेले असते. २०२४ मध्ये पहिल्या चार क्रमांकांवर निवडल्या गेलेल्या खेळाडूस पहिल्या वर्षी ७६,५३५ डॉलर, तर तिसऱ्या फेरीतील खेळाडूस ६४,१५४ डॉलर मिळावयाचे होते.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी काम करते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंडियाना संघ. २०२२ मध्ये या संघाने ३६ पैकी केवळ ५ सामने जिंकले. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्यास प्रथम क्रमांक मिळाला व अलिया बोस्टन संघात आल्या. त्या हंगामात विजयांची संख्या १३ झाली. २०२४ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक लाभला व आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क यांची निवड झाली. त्या वर्षी संघाने ४० पैकी २० सामने जिंकून बाद फेरी गाठली. तळाचा संघ दोन वर्षांत मध्यावर आला.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा स्वातंत्र्याची आहे. आपण कोणत्या शहरात व कोणाकडे काम करावे, हे ठरविण्याचा अधिकार नवोदित खेळाडूस राहत नाही. दुसरी मर्यादा मोबदल्याची. क्लार्क यांच्यामुळे तिकीटविक्री व दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकसंख्या वाढली. परंतु त्यांचे मानधन ठरलेल्या श्रेणीबाहेर जाऊ शकले नाही. तिसरी मर्यादा अशी की, निवड म्हणजे नोकरी नव्हे. २०२४ मध्ये १२ संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त १२, म्हणजे एकूण १४४ जागा होत्या आणि त्यांतील बहुतेक जागांवर अनुभवी खेळाडू होत्या. त्यामुळे निवड होऊनही अनेक खेळाडूंना हंगामापूर्वीच्या सराव-शिबिरातून परतावे लागते.

४. लिलाव पद्धती : महिला प्रीमियर लीग

भारतात महिलांच्या क्रिकेट लीगसाठी दुसरा मार्ग निवडला गेला. दि. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. पाच संघांना प्रत्येकी १२ कोटी रुपये खर्चमर्यादा होती. एकूण ८७ खेळाडूंवर ५९.५० कोटी रुपये खर्च झाले. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांना ३ कोटी ४० लाख रुपये अशी सर्वोच्च बोली लागली. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे यांना ३० लाख रुपयांत उत्तर प्रदेशच्या संघाने घेतले. लिलावातील सर्वांत कमी मूळ किंमत १० लाख रुपये होती आणि अनेक खेळाडू त्याच किमतीत संघांत गेल्या.

लिलावात खेळाडूच्या गुणवत्तेस बाजारभाव मिळतो, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु उत्पन्नातील अंतर मोठे राहते. आतापर्यंत आलेल्या आकड्यांवरून वरच्या व तळाच्या मोबदल्याचे गुणोत्तर काढल्यास चित्र स्पष्ट होते. डब्ल्यूएनबीएच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये हे गुणोत्तर सुमारे १.२ : १ होते, तर महिला प्रीमियर लीगच्या २०२३ च्या लिलावात ते ३४ : १ झाले. एका पद्धतीत असामान्य खेळाडूवर अन्याय होण्याचा संभव, तर दुसरीत सामान्य खेळाडू दुर्लक्षित राहण्याचा. खर्चमर्यादा आणि किमान किंमत या दोन अटी नसत्या तर हे अंतर आणखी वाढले असते.

५. खो-खोतील ड्राफ्ट आणि महिलांची अनुपस्थिती

या दोन टोकांच्या मधला मार्ग अल्टिमेट खो-खोने स्वीकारला. जुलै २०२२ मध्ये खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. खेळाडूंच्या चार श्रेणी करण्यात आल्या. वरच्या श्रेणीस ५ लाख रुपये, तर तळाच्या श्रेणीस १ लाख रुपये मानधन ठरले. म्हणजे गुणोत्तर ५ : १. संघ सहा होते. पुण्याच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पहिला हंगाम झाला व ओडिशाच्या संघाने विजेतेपद मिळविले. महाराष्ट्रातील लहान गावांतून आलेल्या कितीतरी तरुणांना आपल्या सूर मारण्याचा व खांबावरील कौशल्याचा मोबदला त्या तीन आठवड्यांत प्रथमच करारान्वये मिळाला.

महिलांसाठी अशी यंत्रणा अशक्य होती, असे म्हणता येत नाही. कबड्डीत २०१६ मध्ये महिलांची स्पर्धा तीन संघांसह पुरुषांच्या लीगसोबत घेण्यात आली होती व तिचा अंतिम सामना अवघ्या एका गुणाने निकाली निघाला. तथापि तो उपक्रम त्या स्वरूपात पुढे चालू राहिला नाही. खो-खोमध्ये तर महिला खेळाडूंची परंपरा मराठवाड्यातच भक्कम आहे. बीडच्या शेजारील धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळविले व २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. घरच्या बिकट परिस्थितीमुळे खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत त्या एकदा आल्या होत्या. अखेर क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत त्यांना स्थैर्य मिळाले.

येथे पारितोषिक आणि करार यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. विश्वचषकानंतर राज्य शासनाने महाराष्ट्रातील विजेत्या खेळाडूंचा रोख पारितोषिकांनी गौरव केला, ही निश्चितच समाधानाची बाब आहे. परंतु पारितोषिक विजयानंतर मिळते आणि विजेत्यांनाच मिळते. करार मात्र हंगामापूर्वी होतो आणि हरणाऱ्या संघातील बाराव्या खेळाडूसही त्याचा लाभ मिळतो. आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलीच्या पालकांपुढे विश्वविजेतीचे उदाहरण ठेवले तर ते कौतुक करतील, मात्र “आमच्या मुलीचे काय?” हा त्यांचा प्रश्न तसाच उरेल. त्या प्रश्नाचे उत्तर पारितोषिकात नसून नियमित व्यवस्थेत आहे.

६. बीड जिल्हा : निवडीच्या आधीची निवड

बीड जिल्ह्यात या प्रश्नास एक विशेष सामाजिक संदर्भ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे विवाह वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झाले होते.

यामागील एक प्रमुख कारण ऊसतोडणीच्या व्यवस्थेत आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादम जी उचल देतो, ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे पती-पत्नीची जोडी. मुलगी गावी एकटी ठेवण्याची भीती एकीकडे आणि लग्न झाल्यास नवा कोयता तयार होऊन उचल मिळण्याची शक्यता दुसरीकडे. या कोंडीत मुलीचे शिक्षण सुटते आणि खेळ त्याच्याही आधी सुटतो.

मुलांची वाट याहून थोडी निराळी आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे सैन्यात दाखल झाले, तेथे धावण्याकडे वळले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्य, तर हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. सैन्याने त्यांना वेतन, आहार, प्रशिक्षक आणि वेळ दिला. मुलींसाठी एवढ्या व्यापक प्रमाणात असे काम करणारी संस्था जिल्ह्यात शोधू गेल्यास एकच उरते, ती म्हणजे महाविद्यालय. प्रियंका इंगळे यांची खेळाडू म्हणून जडणघडणही बीडमध्ये नव्हे, तर पुणे परिसरात झाली, हे येथे नमूद करावयास हवे.

७. महाविद्यालयाचे स्थान

डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टचा सोहळा एका संध्याकाळी पार पडतो. त्याच्या मागे मात्र फार मोठा काळ उभा आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभाव करण्यास मनाई झाली. त्याचा परिणाम म्हणून महाविद्यालयांतून मुलींच्या संघांना मैदाने, प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९८२ मध्ये महिला बास्केटबॉलची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा त्या संघटनेच्या छत्राखाली सुरू झाली. लीग आली ती १९९७ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी. आधी महाविद्यालये उभी राहिली आणि मग ड्राफ्ट आला, हा क्रम लक्षणीय आहे.

याच दृष्टीने वर नमूद केलेली पात्रतेची अट पुन्हा पाहावी. बावीस वर्षे वय किंवा पदवी ही अट संघमालकांच्या सोयीची आहे, असा आक्षेप घेतला जातो व त्यात तथ्य आहे. परंतु बीडच्या संदर्भात त्याच अटीचा अर्थ पालटतो. येथे एखादी मुलगी खेळाच्या निमित्ताने बावीस वर्षांची होईपर्यंत महाविद्यालयात राहिली, तर तिचा विवाह तेवढा लांबतो, पदवी हाती येते आणि ती कोणत्याही लीगमध्ये निवडली गेली नाही तरी शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणास, पोलीस भरतीस वा शारीरिक शिक्षणाच्या पदवीस ती अधिक सिद्ध असते. अशा व्यवस्थेचा मोठा लाभ पहिल्या क्रमांकावर निवडल्या जाणाऱ्या एका खेळाडूस होत नाही. तो निवड न होणाऱ्या शेकडो मुलींना होतो.

या विवेचनाच्या आधारे जिल्ह्यातील महाविद्यालयांना पुढील गोष्टी स्वतःच्या पातळीवर करता येतील.

१) कामगिरीची नोंद ठेवणे : ड्राफ्ट असो वा लिलाव, दोन्हींचा पाया म्हणजे खेळाडूची विश्वासार्ह नोंद. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याचा निकाल लिहिला जातो; परंतु कोणत्या मुलीने किती गडी बाद केले, संरक्षणात ती किती वेळ टिकली, याची नोंद बहुधा गुणपत्रकाबरोबरच नाहीशी होते. प्रत्येक महिला खेळाडूची तीन वर्षांची कामगिरी-वही ठेवण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

२) स्थलांतराचा काळ ध्यानात घेणे : ऊसतोडणीचा हंगाम आणि क्रीडा स्पर्धांचा हंगाम यांचे महिने एकमेकांत मिसळतात. या काळात खेळाडू विद्यार्थिनींना वसतिगृहात प्राधान्याने प्रवेश देणे हा त्यांचा खेळ व शिक्षण टिकविण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरू शकतो.

३) परवडणाऱ्या खेळावर भर देणे : बास्केटबॉलसाठी २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असे पक्के मैदान व फलक लागतात. खो-खोस जवळपास तेवढीच जागा लागते, परंतु तयार मातीचे मैदान आणि दोन खांब पुरतात. ज्या महाविद्यालयास पक्के मैदान शक्य आहे त्याने बास्केटबॉल अवश्य वाढवावा. इतरांनी खो-खो व कबड्डीत मुलींचा कायम संघ राखावा.

४) पुढील पायऱ्यांची माहिती देणे : विद्यापीठ संघ, राज्यातील ‘अश्वमेध’ आंतरविद्यापीठ महोत्सव, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि २०२० पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, अशी साखळी अस्तित्वात आहे. विद्यार्थिनी व तिचे पालक या दोघांनाही ती प्रथम वर्षातच समजावून सांगावी.

८. निष्कर्ष

ड्राफ्ट ही दुबळ्या संघास प्रथम संधी देऊन स्पर्धा जिवंत ठेवणारी पद्धती आहे. तिच्यात खेळाडूच्या स्वातंत्र्यावर मर्यादा येते. लिलावात मोबदल्याची विषमता वाढते. महिला खो-खोसाठी लीग उभी राहिल्यास श्रेणीनिहाय मानधनाचा ड्राफ्ट हा मार्ग अधिक योग्य ठरेल असे वाटते, कारण नव्या लीगला काही मोजक्या नामवंतांपेक्षा टिकून राहणाऱ्या पुष्कळ खेळाडूंची गरज असते.

परंतु कोणतीही निवड-पद्धती जे खेळाडू मैदानापर्यंत पोहोचले त्यांच्यामधूनच निवड करू शकते. बीड जिल्ह्यात मुलीची पहिली निवड तिच्या घरी, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी होते. ती शिकणार, खेळणार की कोयत्याची जोडीदार होणार, हे तेथे ठरते. त्या निवडीत महाविद्यालयाचा आवाज पोहोचावा, यासाठी लीगची वाट पाहण्याचे कारण नाही. दुबळ्यास प्रथम संधी हे ड्राफ्टचे तत्त्व आपल्या प्रवेश-प्रक्रियेत, वसतिगृहात व क्रीडांगणावर आजही अमलात आणता येण्यासारखे आहे.